सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय

९ जानेवारी २०२५, गुरुवार

चार तास! एका ठरावाला चार तास! आणि ठराव काय, तर जाळ्या किती घ्यायच्या!

अठ्ठावीस वर्षं नागपुरात बोर्डांना सल्ला दिला मी. टाय लावलेली माणसं दहा मिनिटांत मान डोलवायची. रिटायर होऊन भद्रावतीला आली, म्हटलं रिकामं काऊन बसायचं, आणि ही तेरा गावांची वनोपज कंपनी गळ्यात बांधून घेतली. दोन बस बदलून गोंडपिपरीला जायचं, पत्र्याखाली सतरंजीवर बसायचं आणि पाच संचालकांपुढं डोकं फोडायचं.

विनोदला प्रत्येक घराला जाळी द्यायची होती. विनोद म्हणजे आमचा मॅनेजर, उत्साही प्राणी. जाळी मोहाच्या झाडाखाली बांधायची, फुलं तिच्यात पडतात. मग फुलं दिसावी म्हणून खालचा पाला जाळावा लागत नाही. पुण्याची कंपनी याच अटीवर माल घेणार आहे — आगीशिवाय वेचलेला. मान्य. पण गोदामाचं छप्पर गळून राहिलं त्याचं काय? मी सांगितलं, या वर्षी अर्ध्या जाळ्या, पुढच्या वर्षी अर्ध्या. आधी छप्पर. माल भिजला तर जाळ्या काय चाटायच्या आहेत?

इतकं सरळ! पण इथं मतदान नाही. कायद्यात बहुमत आहे म्हणून मी शंभरदा सांगितलं असेल. कलाबाई अध्यक्ष, त्या ऐकतात, हसतात, आणि पुन्हा एकेकाला विचारतात. ग्रामसभेत करतात तसं. सगळे हो म्हणेपर्यंत कोणी उठायचं नाही.

चौघं दोन तासांत हो म्हणाले. सुगंधाबाई मात्र गालात पान धरून भिंतीकडं बघत बसली. साठीची बाई, एकटी राहते, अंगठ्यावरून सहीवर आली ती गेल्या वर्षी. कोणी तिला घाई करेना! शेवटी म्हणाली, "बाई शिकली हाय. हो म्हनतो मी."

माझी शेवटची बस गेली. विनोदच्या गाडीवर चंद्रपूरपर्यंत आली, कंबरेचं भजं झालं.


२१ जानेवारी

करार झाला! पुण्याच्या कंपनीतल्या पुनमनं पाकिटाचा नमुना पाठवला. हिरव्या अक्षरांत — "एकही पान न जाळता वेचलेलं मोहफूल." सुंदर दिसते. बघा म्हणावं, सल्ला ऐकला की असं होते.


१७ मार्च

मोह गळायला लागला. विनोदनं फोटो पाठवले, जाळ्यांत पिवळा सडा. इतिवृत्त नीट लिहून फाईलला लाव म्हणून त्याला पुन्हा झापलं. दर सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं, हे मीच शिकवलं या लोकांना. तेवढं एक तरी पाळतात.


२४ मार्च, सोमवार

आग.

पहाटे लागली. टेकडीची आख्खी उतरण गेली. दुपारपर्यंत तीन गावची माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपत होती. लालसूचे दोन्ही हात भाजले. तो आपला संचालक, वय चोवीस. जीव कोणाचा गेला नाही, एवढंच.

आणि आग आपल्याच माणसानं लावली. मोहाखालचा पाला जाळताना! विनोद फोनवर रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, रडू नको, तोंड बंद ठेव. कोणाशीही बोलायचं नाही.

एकही पान न जाळता! वा!


२५ मार्च

पुनमकडं फोटो पोहोचला. कोणी पाठवला देव जाणे.

"मॅडम, आमची पाकिटं छापून झालीत. हे तुमच्याच गावातलं आहे का? मला फक्त हो की नाही सांगा."

मी म्हटलं, तपास सुरू आहे. मुरलेलं उत्तर. अठ्ठावीस वर्षं हेच उत्तर दिलं आणि कधी अंगाशी आलं नाही. मग तसंच पत्र लिहिलं — आगीचं कारण अद्याप स्पष्ट नाही, कंपनीचा संबंध आढळलेला नाही, वगैरे. तेरा गावांचा हंगाम या एका करारावर आहे. करार गेला तर व्यापारी पुन्हा दारात येऊन मातीमोल भाव करतील. हे कळत नाही का यांना?

नाही कळत! पत्र घेऊन गोंडपिपरीला गेली, कलाबाईंनी ते वाचून घेतलं. दोनदा. मग माझ्या हातात परत दिलं.

"कारन तं आमाले मालूम हाय ना, बाई. मंग मालूम नाई असं कसं लिवाचं?"

"कोणी लावली? नाव सांगा."

"नाव घेऊन काय करता?"

मी इतकी ओरडली, की बाहेरची कोंबडी उडाली. कलाबाईंनी चहा मागवला. मी नाही घेतला.


२६ मार्च

नाव सांगत नाहीत. तेरा गावं मूग गिळून बसली आहेत.


२८ मार्च, शुक्रवार

सुगंधाबाई!

संचालक! जिनं स्वतःच्या हातानं करारावर सही केली ती! विनोदच्या तोंडून निघालं शेवटी, मी खोदून खोदून काढलं. तिच्याच दोन झाडांखालून आग सुटली.

डोकं सणकलं माझं. गावातल्या एखाद्या पोरानं केलं असतं तर समजू शकली असती. हिला काय माहीत नव्हतं? चार-चार तास भिंतीकडं बघत बसते, तेव्हा काय विचार करते ही बाई?

आता रस्ता एकच. पुण्याला कळवायचं — दोषी संचालकाला पदावरून काढलं. नावासकट. बाहेरच्या माणसाला कोणीतरी गेलेलं दिसलं पाहिजे, मग तो शांत होतो. कठोर आहे, पण कंपनीची अब्रू अशीच वाचते. ठरावाचा मसुदा केला. सोमवारी सभा.

विनोद म्हणाला, "मॅडम, जरा त्यांच्याशी बोलून घ्या ना आधी."

मी म्हटलं, तू तुझं काम कर.


३१ मार्च, सोमवार

परतीच्या बसमध्ये लिहून राहिली. अक्षर वाकडं येते, येऊ दे.

मी मसुदा काढला, तर कलाबाई म्हणाल्या, "आंधी मांगची सभा वाचा. तुमीच सांगतलं ना." सुगंधाबाई समोर बसली होती. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्यासमोर बोलायचं, हा त्यांचा नियम. लालसू हाताला फडकी बांधून आला होता.

विनोद वाचायला लागला. जानेवारीचं इतिवृत्त. शब्द माझे, मसुदा माझा. "सल्लागारांच्या शिफारशीनुसार चालू हंगामात निम्म्याच कुटुंबांना जाळ्या देण्याचे ठरले." त्याचा आवाज बारीक झाला. पुढचं वाक्य त्यानं घाईनं उरकलं.

मला तरीही समजलं नाही. खरंच नाही! मी म्हणाली, ठीक आहे, आता आजच्या विषयावर या.

मग सुगंधाबाई बोलली. माझ्याकडं बघून नाही, विनोदच्या हातातल्या वहीकडं बघून.

"संचालकाची पाळी शेवटी राह्यते. आमच्यापर्यंत जाळ्या पुरल्याच नाई. मले नाई भेटली, कलाबाईलेई नाई भेटली. जाळी नसली तं वाकून वेचा लागते. मांगच्या साली पलीकडच्या गावची बाई वाघानं नेली, ते बी वाकूनच होती. मनून थोडासा पाला जाळला मी. दूरवरचं दिसावं मनून. रोज झाडूनच वेचत होतो. त्या दिवशी भेव वाटलं. अन् वारा आला."

पत्र्यावर माकडं उड्या मारून राहिली होती.

मला वाघाचं माहीत नव्हतं. म्हणजे पेपरात वाचलं होतं, भद्रावतीत खुर्चीवर बसून. पण जाळीचा आणि वाघाचा संबंध काय, हे मी विचारलं का? चार तास होते माझ्याजवळ! ती चार तास भिंतीकडं बघत होती, आणि मी घड्याळाकडं. काऊन गप्प बसली म्हणून एकदा तरी विचारायचं होतं. नाही विचारलं. शिकली आहे ना मी.

मी मसुदा फाडला. म्हटलं, चूक माझी आहे. इतिवृत्तात लिहिलं आहे, माझा सल्ला होता.

तर कलाबाई म्हणतात, "नाई बाई. हो आमी म्हटलं. पाचई जनानं म्हटलं. हो म्हटल्यावर ते तुमचं नाई राह्यलं, आमचं झालं."

राग आला मला! इतका राग या महिन्यात कोणावर आला नाही. अहो, माझं होतं ते! द्या ना दोन शिव्या! एकानं तरी वाकडं तोंड करावं! लालसू भाजलेल्या हातांनी मला पाण्याचा गिलास पुढं करून राहिला होता. दोन्ही तळव्यांत धरून, कारण बोटं वळत नव्हती. काय करायचं या लोकांचं!


१ एप्रिल

पत्र लिहिलं. कलाबाईंनी सांगितलं होतं, "झालं ते लिवा. तिचं नाव नोका टाकू. आमी लिवा, आमी." म्हणून "आमच्याकडून आग लागली" असं लिहिलं. जाळ्या पुरल्या नाहीत हे लिहिलं, वाघाचं लिहिलं, आग कोणी विझवली तेही.

खाली त्यांना न विचारता एक परिच्छेद माझा टाकला — निम्म्या जाळ्यांचा सल्ला माझा होता, आणि तो देताना जंगलात कोण कसं वेचते हे मी विचारलं नव्हतं. पंचवीस मार्चला फोनवर तपास सुरू आहे म्हणाली, तेही खोटं होतं.

पाठवून दिलं. नागपूरच्या एकाही बोर्डाला असं पत्र मी पाठवू दिलं नसतं.


३ एप्रिल

पुनमचं उत्तर नाही. विनोद दर तासाला विचारून राहिला. त्याच्यावर खेकसली, मग सॉरी म्हटलं. घाबरला बिचारा.


४ एप्रिल, शुक्रवार

उत्तर आलं.

करार ठेवतात! या वर्षीचा माल साध्या पाकिटात, आगीबद्दल एक अक्षर न छापता. पुढच्या हंगामाआधी प्रत्येक घराला जाळी, त्यासाठी आगाऊ मदतही देतात. पुनमनं लिहिलं, इतकं सरळ पत्र मला कुठल्याही कंपनीकडून आलं नव्हतं.

आणि एक अट. सल्लागार बदला. संचालक मंडळाचा तसा ठराव उद्या संध्याकाळी सहापर्यंत हवा.

बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असती तर हेच सांगितलं असतं. कोणीतरी गेलेलं दिसलं पाहिजे. राजीनामा लिहून विनोदला मोबाईलवर पाठवला आणि ठरावाचा मसुदाही केला. आयुष्यातला सगळ्यात सोपा मसुदा, तीन ओळी.

मग मोरीत जाऊन रडली. रागानं. दुसरं काही नाही.


५ एप्रिल, शनिवार. गोंडपिपरी, सभेतच

साडेपाच वाजले. चौघं हो म्हणाले, कलाबाईसुद्धा, डोळे पुसत. सुगंधाबाई दुपारी दोनपासून भिंतीकडं बघत बसली आहे. मी मघाशी तिच्यापुढं जाऊन बसली, हात जोडले. म्हटलं, बाई, तेरा गावांचा हंगाम आहे, माझा शेवटचा सल्ला ऐका, हो म्हणा.

तिनं पान या गालातून त्या गालात नेलं.

"तुमचा सल्ला एकडाव आयकला ना, बाई," म्हणाली, आणि बसून राहिली.