पुरणाशेजारच्या एक्केचाळीस नळ्या

समता कॉलोनी, रायपूर
१५ सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप आईंना,

तुमच्या थोरल्या सुनेचा, वनमालाचा, वाकून नमस्कार. (खरंच वाकून. फ्रिज पुसत बसली होती, तशीच लिहायला घेतलं.) तुमचे गुडघे कसे आहेत? पुष्करभाऊजी तेल लावून देतात की नुसते फोनवरच असतात? इकडं सगळं ठीक आहे. घाई करू नका, नागपुरात दिवाळीपर्यंत आरामात राहा.

महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही रागानं निघून गेल्या, त्यात तुमचं काहीच चुकलं नाही. पुरणाचा डबा काढायला फ्रिज उघडावा आणि डब्याला टेकून एक्केचाळीस माणसांची थुंकी निघावी, तर कोणतीही बाई निघून जाईल. उरल्याच्या कारखान्यांतले कामगार दर रविवारी नळ्या आणून देतात, त्या मी कॉलेजात नेते असं तुम्हाला वाटायचं. (वाटू दिलं, हे कबूल.) पण आमच्या मानसशास्त्र विभागाले फ्रिजच नाही, आणि रसायनवाल्यांनी जागा देतो म्हणून ऐन वेळी त्यांच्या फ्रिजमध्ये निरोपसमारंभाचं आइस्क्रीम भरलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती, पण तुमचे चिरंजीव पडले सत्यवचनी. "थुंकी आहे, आई," म्हणाले, आणि वरून अजून एक पोळी मागितली.

आई, बारा वर्षं झाली, मी माणसाचं टेन्शन आणि त्याची तब्येत यांचा हिशोब लावून राहिली. प्राचार्य मले टेन्शनवाली मॅडम म्हणतात. आधी परीक्षेच्या टेन्शनवर काम केलं, तर पोट्ट्यांनी प्रश्नावलीसुद्धा एकमेकांची पाहून भरली. मग रेल्वेचे क्लार्क घेतले. त्यांना वाटलं कागद वर साहेबाकडे जाणार, म्हणून सगळ्यांनी लिहिलं की कशाचाच त्रास नाही. (असं सुखी खातं जगात दुसरं नसेल.) शेवटी रायपूर राजधानी झाली, उरल्याच्या कारखान्यांत रात्रपाळ्या वाढल्या, आणि दिल्लीनं मले हे काम दिलं: साठ कामगारांची लाळ तपासायची. ताण वाढला की लाळेत एक रस वाढतो, तिथं माणसाले खोटं बोलता येत नाही. अट एकच, झोपेतून उठल्याउठल्या, तोंडात काही घालायच्या आत नळीत थुंकायचं. आणि आपल्या छत्तीसगडात माणूस जमिनीवर पाय टेकवायच्या आधी हिरड्यांना गुड़ाखू घासतो. ती तंबाखूची लगदी एकदा लागली की नळी बाद.

हे फक्त तुम्हालाच ओळखता येत होतं. व्हरांड्यात मेथी निवडता निवडता तुम्ही नुसती मान वर करायच्या, "काहून रे दयाराम, घासून आला ना?" आणि तो लोखंड उचलणारा सहा फुटी माणूस "हव अम्मा" म्हणून परत जायचा. बाकीच्यांना तुम्ही पोहे द्यायच्या आणि विचारायच्या, घरी काय चाललं. माझ्या कागदावर "टेन्शन नइ हे" लिहिणारा हाच दयाराम तुम्हाला सांगायचा की बायको तीन महिन्यांपासून माहेरी आहे आणि झोप येत नाही. मी स्वयंपाकघरातून सगळं उतरवून घ्यायची. (त्या सगळ्यांची मागून परवानगी घेतली. तुमचीच तेवढी राहिली.) तुम्ही त्याले पंडरीच्या बाजारातून साडी घ्यायला लावून सासुरवाडीला धाडलं. परवा त्याच्या दुसऱ्या नळीचा प्रयोगशाळेतून कागद आला, रस निम्म्यावर उतरला आहे. बारा वर्षांत मी कोणाचं टेन्शन कमी झालेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि आई, मले फार आनंद झाला.

आता एकोणीस जण बाकी आहेत. दोन रविवारात चार आले. "अम्मा कहां हे?" विचारलं, माझी प्रश्नावली पाहिली, आणि तिघांना कामं आठवली. चौथ्याची नळी गुड़ाखूनं चहासारखी झाली होती. मी पोहेही केले. त्यांना घेऊन आलेल्या दयारामनं दोन घास खाल्ले आणि मलेच म्हणाला, "दीदी, टेंशन झन ले." (म्हणजे, टेन्शन घेऊ नको.) तीस तारखेला दिल्लीची कमिटी येते. साठ पूर्ण नाही झाले तर काम बंद, आणि मी रिटायर होईपर्यंत परत पोट्ट्यांच्या परीक्षा. भीती वाटून राहिली. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
वनमाला

ता. क. नळ्यांसाठी वेगळा फ्रिज आणला. तो तुमच्या चिरंजीवांच्या बाजूला, पलंगाच्या उशाशी ठेवला आहे. रात्रभर घरघरतो. (फ्रिजही.)

ता. क. २. दिवाळीपर्यंत राहा म्हटलं ते शिष्टाचार म्हणून. शनिवारच्या गाडीचं तिकीट सोबत जोडलं आहे. मले तुमच्याशिवाय जमून नाही राहिलं.

ता. क. ३. एक सांगायचं राहिलं. दिल्लीला पाठवलेल्या अहवालात "संशोधन सहायक" या रकान्यात मी तुमचं नाव लिहून बसली. मुलाखती तुम्हीच घेतल्या, असंही लिहिलं. खोटं काय होतं त्यात? आता कमिटीचं पत्र आलं आहे की बारा वर्षांच्या कामात तेवढ्या मुलाखतीच खऱ्या वाटल्या, तरी बाईंनी तीस तारखेला हजर राहून आपली पद्धत समजावून सांगावी. सोबत तुमचा बायोडाटा मागितला आहे. शिक्षणाच्या जागी मी चौथी पास लिहू, की तुम्ही रविवारी येऊन आपल्या हातानं भरता?