पावणेचारचा पुरावा

(ऑफिसातून, कामाच्या वेळेत)

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (टेबल अरुंद असल्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंगांचाच घडला आहे. बाकीची अंगे भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही पायाला बांधता, की मामी म्हणते तसा स्कूटरची डिकी बांधायला वापरता, हे खरे खरे कळवावे. मामीचे ब्लडप्रेशर तुमच्यामुळे वाढते की तुम्ही असूनही कमी होते, तेही लिहा. आम्ही सगळे ठीक आहोत. पत्र कशाला, फोन का नाही, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाही आणि मला सध्या त्याहून लांब वाक्यांची गरज आहे.

मी नेमके काय काम करतो, हे तुम्ही गेल्या पंधरा वर्षांत चार वेळा विचारलेत आणि चारही वेळा मी असे काही समजावले की पाचव्यांदा तुम्ही विचारले नाहीत. तेव्हा न विचारताच सांगतो. जगात जे जे गुंतागुंतीचे आहे त्याचे आम्ही गणित मांडतो. म्हणजे गुंता सोडवतो असे नाही. गुंत्यातले जे जे अडचणीचे ते आधी काढून टाकतो आणि जे उरते त्याला मॉडेल म्हणतो. (उंटावरून शेळ्या हाकणे म्हणा हवे तर. फरक एवढाच की आम्ही शेळ्याही कागदावरच काढतो.) माझे समीकरण 'अडकणे' या विषयावर आहे. नरसाळ्यातले दाणे, बारीक रक्तवाहिनीतल्या पेशी आणि दारातली माणसे, तिन्ही त्यात बसतात. कारण तिन्हींना मन नसते असे आम्ही पहिल्याच ओळीत गृहीत धरतो. यामुळे भौतिकीवाले मला जीवशास्त्रातला समजतात, जीवशास्त्रवाले इंजिनियर समजतात आणि इंजिनियर मला चहा पाजतात. आणि तिघांनाही वाटते की समीकरण उरलेल्या दोघांनी तपासले असेल.

या समीकरणाचा जीव एका आकड्यात आहे. भोक दाण्याच्या पावणेचार पट रुंद असले की दाणा अडकत नाही. पावणेचार. आम्ही त्याला एक ग्रीक अक्षर दिले आहे, कारण ग्रीक अक्षर मिळाले की आकड्याला खानदान विचारायची पद्धत नाही. आमच्या विभागप्रमुखांचा (यांना आम्ही पाठीमागे 'सरासरी' म्हणतो, कारण ते दोन्ही बाजूंना सारखेच मान डोलावतात) या आकड्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. परिषदेत ते त्याच्याबद्दल असे बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावे, यांनीच त्याला अंगाखांद्यावर खेळवले.

तर गेल्या महिन्यात एक इंजिनियर नकाशाची गुंडाळी घेऊन आले. मुलींच्या शाळेसाठी नवे सभागृह बांधताहेत, बसायची सोय नऊशे मुलींची. आधी दोन दारे होती, पण दुसऱ्या दाराच्या भिंतीवर संस्थेला ढालींचे आणि करंडकांचे कपाट हवे आहे. कुणीतरी त्यांना माझ्या समीकरणाबद्दल सांगितले. मुलीच्या खांद्याची रुंदी पस्तीस सेंटिमीटर, गुणिले पावणेचार, म्हणजे एकशे एकतीस पूर्णांक पंचवीस. एवढे एकच दार पुरेल, असे त्यांनी स्वतःच काढून आणले होते. (तो पाव सेंटिमीटरसुद्धा नकाशात दाखवला होता. मोठा प्रामाणिक माणूस.) त्यांना फक्त माझी सही हवी होती की आग लागली तरी या दारातून नऊशे मुली न अडकता बाहेर पडतील. येत्या सोमवारी बैठक आहे, तोवर सही करून ठेवायची. सरासरींनी मान डोलावली.

मामा, आमची लेक, तुमची नात, त्याच शाळेत सहावीत आहे. शाळा सुटल्याची घंटा झाली की वर्गातून पहिली बाहेर पडणारी तीच. मी सही करायला पेन काढले आणि मला भीती वाटली. पंधरा वर्षे मी हा आकडा वापरतोय, त्याच्यावर दोन बढत्या घेतल्या, आणि कधी भीती वाटली नव्हती. पेशी अडकली तर पेशीवाल्यांचे नुकसान, दाणा अडकला तर कारखान्याचे. इथे मात्र खांद्याच्या पस्तीस सेंटिमीटरमध्ये मला आमच्या घरातला एक खांदा दिसायला लागला. घरी हे सांगितले तेव्हा बायको एवढेच म्हणाली, "मग बघ ना, तो आकडा आला कुठून ते." पंधरा वर्षांत हा प्रश्न एकाही शास्त्रज्ञाने विचारला नव्हता. (ती बँकेत आहे.)

शोधायला लागलो. सभागृहवाल्यांनी तो आकडा मुंग्यांवर काम करणाऱ्यांकडून घेतला होता. मुंग्यावाल्यांनी धान्याच्या कोठारवाल्यांचा हवाला दिला होता, कोठारवाल्यांनी रक्तपेशीवाल्यांचा. वाटेत कुणीतरी त्याला 'अधिक-उणे शून्य पूर्णांक शून्य दोन' अशी शेपटीही लावली होती. म्हणजे आकडा जितका दूर जात होता तितका अचूक होत होता. पेशीवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तो तर सर्वमान्य आहे, आणि एका जुन्या प्रबंधाचे नाव सांगितले. प्रबंध माझा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ग्रंथालयात जाऊन धूळ झटकून काढला. पान एकसष्ट, तळटीप: 'प्रत्यक्ष कारखान्यातील अनुभवी व्यक्तीच्या निरीक्षणानुसार.' मामा, ती अनुभवी व्यक्ती तुम्ही. तेव्हा तुम्ही पशुखाद्याच्या कारखान्यात फोरमन होतात, मला प्रबंध आठ दिवसांत द्यायचा होता, आणि मी फोन करून विचारले होते की पेंडीच्या गोळ्या नरसाळ्यात अडकू नयेत म्हणून खालचे तोंड किती मोठे ठेवता. तुम्ही म्हणालात, "पावणेचार पट ठेव, अडत नाही." मी 'बरं' म्हटले. तीन शास्त्रांचा पाया घातला गेला.

हे मी सरासरींना सांगितले. त्यांना धक्का बसेल असे वाटले होते, पण ते म्हणाले, इतक्या लोकांनी वापरलेला आकडा चुकीचा कसा असेल? तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी प्रयोग ठेवला. आमच्या सेमिनार हॉलचे दार मोठ्या माणसाच्या खांद्याच्या हिशेबाने बरोबर पावणेचार पट आहे. साठ जणांना आत बसवले, बाहेर चहा मांडल्याचे जाहीर केले आणि घंटा वाजवली. नवव्या सेकंदाला दारात कमान झाली: एका बाजूला ग्रंथपाल, दुसऱ्या बाजूला वायरमन, मध्ये खास बोलावलेल्या पेशीवाल्या बाई आणि त्यांना आधार म्हणून हिशेबनीस. कोणी पुढे जाईना, कोणी मागे येईना. सरासरी आतून ओरडत होते की तुम्ही आदर्श कणांसारखे वागत नाही आहात. शेवटी शिपायाने बाहेरून एकेकाला दंडाला धरून उपटून काढले. नोंदवहीत लिहिले गेले: सर्व साठ व्यक्ती बाहेर पडल्या, समीकरण सिद्ध. शिपायाचा उल्लेख नाही. तो बाह्य घटक होता.

असो. चालायचेच. मामीला नमस्कार, तुमच्या नातीचा तुम्हाला पापा. गुडघा जपा.

तुमचा भाचा,
(तीन शास्त्रांचा अधिकारी)

ता. क. १: खरे काम लिहायचे राहिलेच. सरासरींचे म्हणणे, आकड्याला लेखी पुरावा जोडला की सहीला हरकत नाही. तेव्हा 'पावणेचार हा आकडा मी स्वतः मोजून सांगितला होता' असे दोन ओळींत लिहून, सही करून सोमवारच्या आत पाठवा. कारखान्याचा शिक्का घरी राहिला असेल तर तोही उमटवा. मोजला होतात ना, मामा? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

ता. क. २: वरचे लिहून झाले आणि पिनकोड विचारायला तुमच्या घरी फोन केला. मामीने उचलला. तुम्ही गुडघ्याच्या व्यायामाला गेला होतात (म्हणजे पट्टा खरोखर डिकीला नाही). मी सहज नरसाळ्याचे विचारले तर ती खो खो हसली. म्हणाली, "अरे, त्या नरसाळ्याशी एक माणूस आठ तास लाकडी मोगरी घेऊन उभा असायचा! तो धाडधाड ठोकायचा म्हणून माल खाली यायचा. तो रजेवर असला की हे घरी येऊन आमच्यावर ओरडायचे." मामा, तुम्ही खोटे बोलला नव्हतात. पावणेचार बरोबरच होते. फक्त त्यातला माणूस मी विचारला नाही.

ता. क. ३: वरचे पुरावापत्र पाठवू नका. हे पत्र टपालात टाकायचे राहिले तेवढ्यात बैठक झाली, मी सही केली नाही. मोगरीवाल्याची हकिकत सगळी सांगितली. मग इंजिनियरांनी वही उघडून अतिशय गांभीर्याने विचारले की नऊशे मुलींना असे मोगरीवाले किती लागतील, आणि तेवढे नेमले तर कपाट राहू शकेल का. मी उठून नकाशावर दुसऱ्या दाराच्या जागी काढलेल्या कपाटावर एवढी जाड फुली मारली की ती खालच्या टेबलावरही उमटली. पंधरा वर्षांत मी प्रथमच काहीतरी खरे मांडले. सरासरींनी मान डोलावली. दुसरे दार होणार आहे. कपाट जिन्याखाली जाईल.

ता. क. ४: आता दुसऱ्या दाराची रुंदी किती ठेवायची म्हणून सगळे माझ्याकडे बघत आहेत. कारखान्यात अजून तुमचा शब्द चालतो असे मामी म्हणते. तेव्हा उलट टपाली आकडा कळवा. या वेळी त्या माणसाला चहाला पाठवून मोजा.