तबरेजसाठी पाच दिवसांची इंजेक्शनं

नेरुळ, मंगळवार

आदरणीय बतूल आपांना फजलचा सलाम.

गुडघा कसा आहे? शेजारची बकरी अजून तुमचा कढीपत्ता खाते का, की आता तिलाच कंटाळा आला? इकडे तुमची भावजय आरिफा ठीक आहे आणि मी थकलो आहे. काल न्हावा शेव्याच्या ऑफिसात कंटेनरच्या कागदांवर सह्या करताना डोळा लागला आणि एक सही टेबलावर गेली. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितो.

तबरेजच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आपल्या दोघांत फक्त माझं रक्त जुळलं, हे तर तुम्हीच उरणभर सांगितलंत. (तुमचं जुळलं नाही म्हणून तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, तेही मला कळलं.) आता सख्खा भाऊ असून अब्बांची मोटारसायकल या गृहस्थाने मला न विचारता भंगारात दिली, त्या दिवसापासून आठ वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. अल्लाहला जुळवायला दुसरं कोणी मिळालं नाही.

जागृती नावाची तरुण डॉक्टरीण आहे, तिने सगळं समजावलं. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी हाडांच्या आत मज्जेत बसून असतात. 'पांढऱ्या पेशी वाढवा' असं मज्जेला कळवणारं एक रसायन शरीर स्वतःच थोडं थोडं बनवतं. तेच सुईने भरपूर दिलं की मूळ पेशीही जागा सोडून रक्तात उतरतात, मग यंत्राने त्या वेगळ्या काढायच्या. दुखेल का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "थोडंसं." (डॉक्टरांचं थोडंसं आणि अम्मीचं 'थोडंसं तिखट', माप एकच.)

पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, पोटावर सुई. तिसऱ्या दिवशी कंबर, मांड्या, छातीचं हाड, सगळं आतून ठणकायला लागलं. बसवेना, निजवेना, ओट्याशी उभा राहून जेवलो. त्यात लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर रेलिंग धरून चढताना सोसायटीचे सेक्रेटरी भगवानराव म्हणाले, "काय फजलभाई, जिम लावलं काय?" इस्पितळात पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवर गेलेल्या बघून डॉक्टरीणबाई खूश. "काका, मस्त रिस्पॉन्स!" माझं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं, तेही हाडांमुळे.

पाचव्या दिवशी दोन्ही हातांत सुया, पाच तास यंत्राला बांधलेला. नाक खाजलं की आरिफाला हाक. शेवटी काय निघालं, तर टोमॅटोच्या फिक्या साराच्या रंगाची एक पिशवी. परतताना काचेपलीकडे तबरेज दिसला. केस गेलेले, तोंडाला मास्क, अब्बांसारखा बारीक झालेला. त्याने काचेला हात लावला. मी आरिफाला विचारलं, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे?

डॉक्टरीण म्हणते, आता त्याच्या अंगात माझंच रक्त बनणार, रक्तगटसुद्धा माझाच होणार. म्हणजे यापुढे त्याच्यावर रागवायचं तर अर्धा राग मलाच लागायचा.

पंधराव्या दिवशी तिचा फोन आला. "काका, पेशी रुजल्या. काउंट वाढतोय." मी यार्डात जाऊन कंटेनरांच्या मागे उभा राहिलो. एका ट्रकवाल्याने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

तरी बोलणार मी नाहीच. रक्त वेगळं, तत्त्व वेगळं. हवं तर कळवा त्याला.

तुमचा थकलेला भाऊ,
फजल

ता. क. पिशवी नेली तेव्हा मी रडलो असं आरिफा सगळीकडे सांगते. ते यंत्रामुळे अंगातलं कॅल्शियम कमी झालं म्हणून होतं.

आणखी ता. क. तबरेजला शुक्रवारी सोडतील. तीन महिने इस्पितळाजवळच, स्वच्छ खोलीत राहायला सांगितलंय. आमचं घर तिथून जवळच आहे, तर त्याने आमच्याकडेच यावं असा तुम्ही हुकूम सोडा. मी म्हटलं तर तो नाही म्हणेल, आणि माझ्या तोंडून ते निघायचंही नाही. मागच्या खोलीला पहिल्या सुईच्या आधीच रंग दिला होता. आता वासही राहिलेला नाही.