एक रविवार घरी, ओव्हनसकट

सोमवार, ७ नोव्हेंबर १९९४

आबिड्सच्या कोपऱ्यावर, मॅटिनी सुटल्यावर, आम्ही दोघांनी एक सीख कबाब खाल्ला होता. लग्नाला तीन-चार महिने झाले असतील. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, आणि एकच, कारण दोन घ्यायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. ह्यांनी मोठा तुकडा मला दिला, म्हणाले, मला भूक नाही. मग माझ्या हातातला घास घेतला. डोळे मिटून चावत होते. शर्टाला कोळशाचा वास लागला होता. तो शर्ट मी दोन दिवस धुवायला टाकला नाही.

पुढे थोरले भावोजी, एकनाथराव, अंबरपेठला राहायला आले आणि ह्यांचा रविवार तिकडे गेला. मागच्या अंगणात चूल, चुलीवर भामाजाऊबाईंचं मटण. श्रावण आणि आजारपण सोडलं तर एक रविवार चुकलेला नाही. सकाळी जातात, संध्याकाळी येतात, पोटावर हात ठेवून दिवाणावर आडवे होतात. मी तक्रार केली नाही. ते भावाभावांचं जेवण. बोलावल्याशिवाय जाऊ नये, हे कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. मी टोमॅटो सूप आणि दोन टोस्ट घेते. फार छान रविवार असतो. शांत.

पण येत्या ४ डिसेंबरला लग्नाला चाळीस वर्षं होतात, आणि तो रविवार आहे. आज ठरवलं. तो एक रविवार हे घरी जेवतील. मी बकऱ्याची अख्खी मांडी भाजणार. इथे तिला रान म्हणतात. ह्यांना आधी सांगायचं नाही.

अडचण म्हणावी तर एकच. ह्या घरात आजवर मटण शिजलेलं नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर

ओव्हन आला. नारायणगुड्याच्या दुकानात एक्सचेंज ऑफर होती, जुनं काहीही द्या आणि नवं न्या. चार वर्षांपूर्वी हे कुणाला खरं वाटलं असतं? मी ह्यांचा रेडिओग्राम दिला. तो त्यांनी कितीतरी वेळात लावला नव्हता. निदान आज सकाळच्या बातम्यांनंतर तरी नाही.

स्वयंपाकघरात देव आहेत. देवांसमोर वशाट नको, हा सासूबाईंचा नियम. म्हणून ओव्हन दिवाणखान्यात, रेडिओग्रामच्याच जागी, वर तेच क्रोशाचं कव्हर. माप तंतोतंत. ह्याला योग म्हणतात.

संध्याकाळी सात

ह्यांनी कव्हर न उचलता खाली हात घालून बटण फिरवलं आणि खुर्चीत बसून बातम्यांची वाट पाहिली. काही वेळाने टिंग वाजलं. मी म्हटलं, आज स्टेशन बंद दिसतंय. हे म्हणाले, असेल. चाळीस वर्षांचा विश्वास.

कव्हर थोडं तपकिरी झालं. तोच रंग जास्त शोभतो.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

तेजश्री आली चिक्कडपल्लीहून. लेकीपासून काय लपवायचं, म्हणून सांगितलं. तिने विचारलं, आई, तुला येतं? मी तिला आठवण करून दिली की डोमेस्टिक सायन्समध्ये सिस्टर फिलोमिनांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. ती म्हणाली, "ते बकऱ्याचं चित्र काढून भागांना नावं देण्याचे मार्क होते. तू बकरा शिजवला नव्हतास."

एक तर तो बकरा नव्हता, इंग्लिश मेंढा होता. आणि ज्याला नकाशा येतो तो गावाला पोचतोच.

संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या मागे ते चित्र पुन्हा काढून पाहिलं. अजून येतं. शेपटी जरा लांब झाली.

बुधवार, १६ नोव्हेंबर

पहिली तालीम. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी हे पेन्शनरांच्या मंडळात असतात, म्हणून तेच दिवस धरलेत.

सकाळी गफूरभाईंच्या दुकानात चित्र घेऊन गेले आणि जागेवर बोट ठेवून हवा तो भाग दाखवला. त्यांनी चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं. म्हणाले, "अम्मा, ये कुत्ता है क्या?" शेपटीमुळे. मग मला आतली खास रान दिली. बकरा वयाने मोठा होता, म्हणजे अनुभवी.

सिस्टर फिलोमिनांचं सूत्र तोंडपाठ आहे: पौंडाला वीस मिनिटं, वर वीस मिनिटं जास्तीची, उष्णता साडेतीनशे. ओव्हनच्या बटणावर अडीचशेच्या पुढे आकडाच नाही. इथल्या ओव्हनची मजल तेवढीच. शेवटपर्यंत फिरवलं आणि कमी पडणाऱ्या शंभरासाठी वेळ वाढवली.

रान बाहेरून अतिशय गडद आली. आतून ताजी.

तेजश्री फोनवर म्हणाली, सिस्टरांचे साडेतीनशे फॅरनहाइट असतील, तुझा ओव्हन सेल्सिअसचा आहे. तेव्हा ते दोघं वेगळे नव्हते, निदान आमच्या शाळेत नव्हते.

खालच्या मजल्यावरचे नामदेवराव वास आला म्हणून धावत वर आले. वाळूची लाल बादली का आणली होती, कोण जाणे. रेल्वेतून रिटायर झालेली माणसं सवयी सोडत नाहीत. बराच वेळ ओव्हनजवळ उभे होते. मोह होतोच. बादली इथेच ठेवून गेले, म्हणाले, लागेल.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

परवाची रान गल्लीतल्या कुत्र्याला घातली. त्याने ती लगेच खाल्ली नाही. मैदानापर्यंत ओढत नेली, खड्डा खणला आणि पुरली. एवढं जपून ठेवलेलं मी दुसरं काही पाहिलं नाही.

हे संध्याकाळी म्हणाले, घरात कसला तरी वास येतोय. नामदेवरावांकडे काहीतरी जळलं असेल, असं सांगितलं. मग ह्यांनी बटण फिरवलं, टिंग होईपर्यंत बसले, उठले. हल्ली रोज बसतात. बातम्यांशिवायही चेहरा समाधानी असतो.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

गफूरभाई म्हणाले, वयस्क बकऱ्याला कच्ची पपई चोळतात. किती ते विचारायचं राहिलं. चांगली गोष्ट कमी कशाला? एक अख्खी किसून लावली.

फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, तेव्हा तिथेही नको. रान रात्रभर बाथरूममध्ये, बादलीत ठेवली आहे.

बुधवार, २३ नोव्हेंबर

हे आंघोळीला गेले आणि लगेच बाहेर आले. शांतपणे म्हणाले, "कुमुद, बादलीत कुणाचा तरी पाय आहे."

मी म्हटलं, चष्मा लावून जात जा. हे चष्मा लावून पुन्हा गेले. तेवढ्यात मी बादली बदलली होती. आल्यावर म्हणाले, पुढच्या महिन्यात डोळे तपासायचे आहेत. बिचारे. वय होतंय.

दुपारी

पपईने काम केलं. जरा जास्तच प्रामाणिकपणे. ट्रेमध्ये ठेवताना हाड माझ्या हातात राहिलं आणि बाकीचं सगळं आपोआप खाली उतरलं. चमच्याने ओव्हनमध्ये घातलं. फ्रेंच लोक असा लगदा ब्रेडला लावून खातात आणि त्याचं कौतुक करतात. पण ४ तारखेला सुरी-काट्याने कापता येईल असं काहीतरी हवं, म्हणून हा प्रकार बाद. चव घेतली नाही. घ्यावीशी वाटली नाही, असं नाही. उपास धरला होता.

नामदेवराव आले होते. बादली इथेच असल्यामुळे ह्या वेळी रिकाम्या हातांनी.

बुधवार, ३० नोव्हेंबर

पपई नको. दही, आलं-लसूण, आणि सेल्सिअसचा मान राखून एकशे ऐंशी. सगळं शास्त्रशुद्ध.

लाइट गेली. फक्त आपल्या बिल्डिंगची. गीझर आणि ओव्हन एकत्र चालू ठेवू नयेत, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. जिन्यात बरीच मंडळी मेणबत्त्या घेऊन जमली होती, छान गप्पा झाल्या. कुणीतरी विचारलं, हे कोण करतंय? नामदेवराव म्हणाले, कुणीही करत असेल. सज्जन माणूस.

कुत्र्याला हाक मारली. तो आता गल्लीत दिसत नाही.

निश्चय:
१. रविवारी गीझर बंद.
२. सकाळी सहाला सुरुवात.
३. ओव्हनचं दार सारखं उघडून बघायचं नाही.
४. आत्मविश्वास.

शनिवार, ३ डिसेंबर

ह्यांना उद्या अंबरपेठला जाऊ नका असं कसं सांगायचं, ह्याची आठ दिवस मनात जुळवाजुळव चालली होती. चहा देताना तोंड उघडलं, तर हेच म्हणाले, "उद्या घरीच आहे मी."

मी कप ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. थोडा वेळ तिथेच उभी राहिले. चाळीस वर्षं झाली तरी ह्यांना तारीख आठवते, आणि त्यासाठी सख्ख्या भावाकडचं मटण सोडतात. थंडीत वर्षाकाठी एखादा रविवार हे असे घरी राहतात, पण तेव्हा पोट बिघडलेलं असतं. मी पिठलं टाकते, विचारत नाही. आज पोट ठणठणीत आहे. मुद्दाम पाहिलं.

उद्या निळी सिल्कची साडी.

रविवार, ४ डिसेंबर, सकाळी सहा

रान आत गेली. हे झोपले आहेत. मी ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले आहे. तिसरा निश्चय मोडला, एकदाच. मग पुन्हा एकदाच.

साडेबारा

टेबल मांडलं. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, नॅपकिनचे हंस. एक हंस बदकासारखा झाला, तो माझ्याकडे घेतला.

रानेत काटा टोचून पाहिला. काटा वाकला. जुना होता.

संध्याकाळी

शांतपणे, क्रमाने लिहिते.

मी रान झाकण ठेवून आणली. वाफ येत होती. नामदेवराव दारातून म्हणाले की तो धूर आहे. ह्यांनी झाकण उचललं. बराच वेळ पाहिलं. मग झाकण परत हलकेच ठेवलं, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

म्हणाले, "कुमुद, खंडोबाचं नवरात्र बसलंय कालपासून. चंपाषष्ठीपर्यंत आपल्यात मटण चालत नाही."

मी विचारलं, आपल्यात म्हणजे कुणात? म्हणाले, आपल्यात. अंबरपेठलाही चूल बंद आहे, म्हणून तर घरी आहे.

खंडोबाचे टाक थोरल्यांच्या देवघरात. सगळं तिकडे होतं. आणि माझ्या घरात जे कधी शिजलंच नाही, ते वर्षातून सहा दिवस बंद असतं हे मला कळणार कसं? इतकी वर्षं मी त्या रविवारी पिठलं करत आले, पोटासाठी.

मी म्हटलं, तारीख? ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्या साडीकडे. मग नॅपकिनच्या हंसाकडे. कानाची पाळी धरली. एवढंच, पण धरली.

मग मी रेडिओग्रामचं सांगून टाकलं. म्हणाले, माहीत आहे. पहिल्या दिवशीच हाताला चटका बसला होता. "मला वाटलं, तुला तो रेडिओच वाटतोय. म्हणून रोज लावत होतो. उगाच तुझं मन कशाला मोडायचं?"

घरात दुसरं काही केलेलं नव्हतं. सूप गरम केलं, टोस्ट भाजले. ह्यांनी सुपात टोस्ट बुडवून पाहिला. विचारलं, "रविवारी तू हे खातेस?"

मी म्हटलं, हलकं असतं.

"दर रविवारी?"

मी म्हटलं, छान असतं.

ह्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "वहिनी दर रविवारी तुझं पान वाढते. म्हणते, आज येईल ती. मला वाटायचं, तुला खाली बसून जेवणं नको असेल."

"मग माझं पान कोण खातं?"

"मीच," हे म्हणाले. "वाढलेलं अन्न टाकायचं कसं?"

ते पोट. तो दिवाण. दोघांचं जेवत होते.

रान आज सर्वोत्तम झाली होती. कुणीच खाल्ली नाही, त्यामुळे ह्यावर कुणाला वादही घालता येणार नाही. तूर्त ती वाळूच्या बादलीत ठेवली आहे. धूर थांबला.

गुरुवार, ८ डिसेंबर, चंपाषष्ठी

भरिताची वांगी ओव्हनमध्ये भाजली. उत्तम भाजली गेली. वांग्यांचा प्रश्न नव्हताच.

रविवार, ११ डिसेंबर, रात्री

अंबरपेठला जाऊन आले. पर्समध्ये काटा नेला होता, काढला नाही. अंगणात पाट मांडले होते. मी वाकून बघत होते, बसायचं कुठल्या बाजूने. जाऊबाई म्हणाल्या, "बस की माय. कामून उभी राहिलीस? इतकी वर्षं वाढतेय तुझं, आज तरी गरम खा."

पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. जाऊबाईंनाही आलं, त्यांनी पदर लावला. मटण भयंकर तिखट होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. सगळं खाल्लं. रस्सा पुन्हा मागून घेतला. पाटावरून उठवायला मात्र दोन माणसं लागली.

मटण जाऊबाईंचं छान असतं. कोळसे थोडे कमी हवेत आणि वेळ पौंडाच्या हिशोबाने धरायला हवी. पुढच्या रविवारी सांगेन.

घरी आल्यावर हे दिवाणावर आडवे झाले नाहीत. स्वयंपाकघरात डबे उघडून पाहत होते. म्हणाले, पोट भरल्यासारखं वाटत नाही.

आता आवराआवर.

ओव्हन जाऊबाईंना. त्या म्हणतात, पापड सादळत नाहीत अशी जागा त्यांना हवीच होती. क्रोशाचं कव्हर त्याच्यासोबत.

जाड हातमोजे तेजश्रीला. सेल्सिअसही तिलाच.

बकऱ्याचं चित्र गफूरभाईंना, दुकानात लावायला. शेपटी खोडून.

वाळूची बादली नामदेवरावांना परत. आधी आतली रान काढावी.

रेडिओग्राम दुकानदाराने अजून विकला नसेल, तर तो ह्यांना. विकला असेल, तर ह्यांनी सात वाजता माझ्याजवळ येऊन बसावं, मी पेपर वाचून दाखवेन.

माझं अंबरपेठचं पान कुणाला देऊ नये. ह्यांना तर मुळीच नाही. ह्यांना रविवारी संध्याकाळी सूप आणि दोन टोस्ट द्यावेत.