ज्येष्ठा, कनिष्ठा आणि फ्रान्सची गादी

मी, डॉ. रेखा उल्हास निगडीकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, राहणार शुगर लँड, टेक्सास, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने आणि मोठ्या उत्साहाने लिहीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याला आपण काचेचे आहोत असे वाटू लागले होते. कोणाचा धक्का लागून आपण तडकू नये म्हणून तो कपड्यांत लोखंडी पट्ट्या घालत असे, असे सांगतात. त्याच्या नावाने पुढे एक तह झाला आणि त्या तहात त्याच्या पोटच्या मुलाचा वारसा गेला. तेव्हा स्पष्ट नमूद करते की मी हाडामांसाची आहे. उजवा गुडघा तेवढा टायटॅनियमचा आहे.

मृत्युपत्रात फ्रान्सचा राजा कशाला, असा प्रश्न माझ्या वकील कादंबरी यांनाही पडला. त्या इथेच वाढल्या, पण मराठी बोट ठेवून का होईना, नीट वाचतात. पहिले पान वाचून त्या म्हणाल्या, "मावशी, हे विल आहे, लेक्चर नाही." मी त्यांना सांगितले की ज्याला आपण शंभर वर्षांचे युद्ध म्हणतो, ते प्रत्यक्षात एकशे सोळा वर्षे चालले आणि त्याचे मूळ वारसाहक्काच्या एका भांडणात होते. वारसाहक्काबद्दल लिहायचे आणि त्या युद्धाबद्दल लिहायचे नाही, हे मला जमणार नाही. त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि कॉफी मागितली.

कलम पहिले. घर. हे घर माझी एकुलती एक मुलगी इला हिला मिळावे. ती ओहायोतल्या डब्लिनला राहते, तिची नोकरी तिथे, नवरा तिथे, मुलगी अनिकाची शाळा तिथे. त्यामुळे तिने ते खुशाल विकावे. "आईबाबांचं घर" म्हणून दुरून त्याचे एसी दुरुस्त करत बसू नये. बँकेची खाती कोणाच्या नावे जायची ती व्यवस्था बँकेत झालेली आहे. या मृत्युपत्रात ज्याचा उल्लेख नाही ते सर्व इलाचे.

कलम दुसरे. गराज. गराजमधील टेबल टेनिसच्या टेबलावर याच युद्धातल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईची रणभूमी मांडलेली आहे. इला सहावीत असताना तिला शाळेने या युद्धावर प्रकल्प दिला होता. तिचा रस पंधरवड्यात संपला. माझा अजून टिकून आहे. टेबलावरील चिखल खरा आहे, आमच्या परसातला, कारण त्या लढाईत चिखलाचे महत्त्व धनुष्यांइतकेच होते. नांगरलेले शेत, रात्रभरचा पाऊस आणि अंगावर पोलादी चिलखत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे त्या टेबलावर कोणालाही पाच मिनिटांत समजते. माझे पती कै. उल्हास यांनी या रणभूमीसाठी वर्षानुवर्षे ह्यूस्टनच्या उन्हात गाडी बाहेर लावली. पाहुण्यांना ते सांगत, "इंग्रज जिंकले, फ्रेंच हरले, आणि भाजली माझी कॅमरी." हे टेबल सैनिकांसह अनिकाला द्यावे. माझा मायक्रोस्कोपही तिलाच द्यावा. ती बारकाईने बघते.

कलम तिसरे. एक जुना हिशेब. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे त्या वेळचे सांस्कृतिक कार्यवाह श्री. अनय कुंटे यांनी माझे व्याख्यान पंचविसाव्या मिनिटाला थांबवले. कारण दिले, "ताई, मसालेभात निवतोय." मी तेव्हा कॅले शहराच्या वेढ्यापर्यंत पोचणारच होते. पोचू दिले नाही. श्री. कुंटे यांना त्या व्याख्यानाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण, साडेतीन तास, माझ्या आठवणीसह द्यावे. माझ्या मनात आता काही नाही. त्यांनी ते ऐकावे एवढेच.

कलम चौथे. गौरी. हे या दस्तऐवजाचे खरे कारण आहे, म्हणून सावकाश लिहिते.

निगडीकरांच्या घरी ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन गौरी बसतात. त्यांचे पितळी मुखवटे माझ्या सासूबाईंनी, इला चार वर्षांची असताना, माझ्या ओटीत घातले. मी ते हँडबॅगेत घालून इकडे आणले. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली, साडीत गुंडाळलेले दोन चेहरे पाहिले आणि विचारले, "हू आर दीज लेडीज?" मुखवटा, देवी, कुळाचार यांपैकी एकही शब्द मला इंग्रजीत सुचेना. मी म्हणाले, "डॉटर्स. कमिंग होम." त्याने हसून बॅग बंद केली.

तेव्हापासून गौरी या घरी येतात. इला बारा वर्षांची झाल्यापासून त्यांच्या साड्यांच्या निऱ्या तीच घालते. माझ्या निऱ्या गौरींना शोभत नाहीत, हे मी मान्य करते. त्यांना दारातून आत आणताना विचारायची पद्धत आहे, "गौर कशाच्या पावलांनी आली?" यावर "सोन्याच्या पावलांनी" असे उत्तर द्यायचे असते. अनिका पाच वर्षांची असताना तिने आपल्या बुटाकडे बघून सांगितले, "साइज टेन." उल्हास म्हणाले, चालेल, भाव पोचला.

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा बदलला. जिन्यावरून स्टँड उतरवणे मला झेपेना, म्हणून मी जाहीर केले की पुढच्या वर्षापासून गौरी इलाकडे, डब्लिनला बसतील. माझे दीर कै. अतुल यांचा मुलगा सत्यजित न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लहानपणची प्रत्येक सुट्टी त्याने आमच्याकडे काढली. मला तो मुलासारखा आहे, आणि मुलासारखाच वाद घालतो. त्याचा फोन आला.

"काकू, एक बोलू? रागावू नकोस. गौरी इलाकडे कशा जातील?"

"विमानानं."

"मस्करी नको गं. आजी म्हणायची, मुखवटे लेकीला देत नाहीत. दुसऱ्या घरी जातात ते. आता निगडीकरांच्या मेल लाइनमध्ये मी एकटाच आहे."

"सत्या, तू फिलिप आहेस."

"कोण फिलिप?"

तेराशे अठ्ठावीस साली फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स वारला. मुलगा नाही. जवळचा पुरुष नातलग म्हणजे बहिणीचा मुलगा, आणि तो निघाला इंग्लंडचा राजा एडवर्ड. फ्रेंच सरदार म्हणाले की बाईला गादी मिळत नाही, म्हणून बाईमार्फत हक्कही मिळत नाही. आणि त्यांनी चुलतभावाला, म्हणजे फिलिपला, गादीवर बसवले. मी हे समजावून सांगत असताना सत्यजित दोनदा म्हणाला, "काकू, मी टर्नपाइकवर ड्राइव्ह करतोय," पण फोन त्याने ठेवला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे फिलिपला मिळालं ना? मग झालं तर."

मी इलाला विचारले. ती म्हणाली, "आई, घेऊ दे त्याला. आय डोन्ट वाँट अ वॉर. असू दे." इला "असू दे" म्हणते तेव्हा तिला ते चालणार नसते. त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी तिने साड्यांच्या घड्या एकटीने घातल्या, आणि एरवी दहा मिनिटांचे ते काम संध्याकाळपर्यंत चालले होते.

गेल्या वर्षी, गुडघा दुखत असतानाही, मी गौरी इथेच बसवल्या. सत्यजित पहिल्यांदाच आला नाही. फ्लाइट कॅन्सल झाल्याचे त्याने कळवले. न्यूअर्कहून त्या दिवशी ह्यूस्टनला सगळी विमाने आली होती. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. न तपासता मी कशावरही सही करत नाही.

आता या युद्धातील माझी सर्वांत आवडती गोष्ट सांगते. बाईला गादी नाही, या नियमाला आधार म्हणून फ्रेंच पंडितांनी सॅलिक कायदा नावाचा एक प्राचीन ग्रंथ पुढे केला. पण केव्हा? फिलिप गादीवर बसल्यानंतर कित्येक वर्षांनी. आधी निर्णय झाला, मग त्याला शोभेल असा जुना नियम शोधला गेला. आणि त्या नियमात होते काय? जमीन मुलग्यांकडे जावी, एवढेच. राजमुकुटाचा त्यात उल्लेखही नाही. हे पुन्हा वाचताना माझ्या मनात आले की आमचा नियम तरी कोणी आणि केव्हा शोधला?

मी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या नणंद रत्नावन्सं नव्वदीच्या आहेत आणि त्यांचा फोन नेहमी छताकडे असतो. मी पंख्याला विचारले, "वन्सं, मुखवटे लेकीला देत नाहीत, असं आपल्याकडे कधीपासून आहे?"

पंख्यामागून हसू आले. "माझ्यापासून."

"म्हणजे?"

"अगं, मला हवे होते ते. आईकडे हट्ट धरला होता मी. पण ज्येष्ठेच्या नाकाला पोचा आहे ना, तो माझा. हौदावर घासताना पाडली मी तिला. दोनदा. आईला तोंडावर म्हणवेना की रत्ने, तू धांदरट आहेस. म्हणून म्हणाली, लेकीला देत नाहीत. त्याआधी हे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. मग पाट पाडला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि मला आईचं पटलं."

तर निगडीकर घराण्याचा सॅलिक कायदा हा असा आहे: एका आईने एका मुलीचे मन राखण्यासाठी काढलेली पळवाट. इलाने आजवर एकदाही मुखवटा पाडलेला नाही.

शिवाय ज्या गादीसाठी हा नियम शोधला, ती गादी हातची जाऊ लागली तेव्हा ती सावरायला सतरा वर्षांची जोन नावाची शेतकऱ्याची पोर धावून आली. ऑर्लेआँचा वेढा तिच्या पुढाकाराने उठला. नियमाने जिला काही मिळणार नव्हते, तिनेच राजाला राज्याभिषेकापर्यंत नेऊन पोचवले. आणि सर्वांत साधी गोष्ट तर मी विमानतळावर घाईत बोलून गेले होते. गौर ही माहेरवाशीण आहे. ती लेक म्हणूनच येते. लेकीच्या सणात लेकीला हक्क नाही, हे कोणत्याही शास्त्रात मला सापडले नाही, आणि मी शोधण्यात कसूर केलेली नाही.

म्हणून दोन्ही मुखवटे, स्टँड, साड्या आणि पुरणयंत्र इलाला द्यावे. तिच्यानंतर अनिकाला, तिची इच्छा असेल तर. सत्यजितला दर वर्षी आग्रहाचे बोलावणे जावे, तेही फोनवर. ग्रुपवर टाकलेला मेसेज बोलावणे धरू नये.

कलम पाचवे. पदवी. फ्रान्समधली शेवटची वीतभर जमीन गेल्यावरही इंग्लंडचे राजे स्वतःला "फ्रान्सचा राजा" म्हणवून घेत राहिले, ते थेट अठराशे एक सालापर्यंत. कोणाचे काही बिघडले नाही. त्याच धर्तीवर चि. सत्यजित यास "गौरींचा मानकरी" ही पदवी तहहयात देत आहे. पदवीसोबत काही मिळत नाही. पुरणपोळी मात्र पहिली त्याला वाढावी.

कलम सहावे. धनुष्य. इलाच्या प्रकल्पासाठी उल्हास यांनी यू झाडाच्या लाकडाचे, इलाहून उंच असे इंग्लिश धनुष्य बनवले होते. इलाने ते हातातही धरले नाही. त्या उन्हाळ्यात सत्यजितने ते ओढून शेजारच्या ग्लोरिया त्रेविन्यो यांचा मेलबॉक्स आरपार भेदला, आणि काका-पुतण्याने मिळून नवा बसवून दिला. ते धनुष्य सत्यजितला द्यावे.

(हे कलम रद्द करत आहे. कारण पुढे लिहिते. रे. नि.)

येथवरचा मसुदा मी इला आणि सत्यजित दोघांनाही पाठवला. कादंबरी म्हणाल्या, असे कोणी करत नाही. इलाचा तासाभरात फोन आला. सत्यजितचे उत्तर आले नाही. चौथ्या दिवशी तो स्वतःच दारात उभा राहिला. गराजमध्ये गेला, रणभूमीच्या कडेला कागद ठेवून त्याने मसुदा पुन्हा पहिल्यापासून वाचला. आत्याच्या पाटापाशी हसल्याचे मला स्वयंपाकघरात ऐकू आले.

सहीसाठी आम्ही कादंबरी यांच्या ऑफिसात गेलो, तेव्हा तो म्हणाला, "विटनेस कोण आहेत?"

"एक ग्लोरिया. दुसरा बघायचाय," कादंबरी म्हणाल्या.

"मी करतो."

"नाही चालणार. विलमध्ये ज्याला काही मिळतं, त्यानं विटनेस होऊ नये. तुम्हाला धनुष्य आहे."

तो म्हणाला, "काढून टाका."

मी म्हणाले, "सत्या, काकांच्या हातचं आहे ते."

"माहितेय, काकू. कलम चारला साक्ष मलाच द्यायचीय. काढ."

"आणि पदवी?"

कादंबरींनी पुन्हा पाचवे कलम वाचले. "तिला काहीच व्हॅल्यू नाही. राहू दे."

म्हणून सहावे कलम रद्द. धनुष्य पहिल्या कलमान्वये इलाकडे जाते. तिने ते कोणाला भेट द्यावे यावर कायद्याचे बंधन नाही. मी विचारून घेतले आहे. एडिसनच्या घरी दिवाणखान्यात एक लांब भिंत मोकळी आहे, एवढे केवळ माहितीसाठी नमूद करते.

ते युद्ध चौदाशे त्रेपन्नमध्ये थांबले खरे, पण संपल्याच्या कागदावर तेव्हा कोणी सही केली नाही. दोन्ही पक्ष थकून घरी गेले. आमच्या बाबतीत सही झालेली आहे. ती खाली पाहावी.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. श्रीमती त्रेविन्यो यांना मराठी येत नसल्याने मी तो त्यांना इंग्रजीत समजावून सांगितला. त्यांनी कॅलेपर्यंत ऐकून घेतले.

स्थळ: शुगर लँड, टेक्सास
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५

(सही) डॉ. रेखा उल्हास निगडीकर

साक्षीदार:

१. (सही) ग्लोरिया त्रेविन्यो, मेलबॉक्सच्या मालक, शुगर लँड

२. (सही) सत्यजित अतुल निगडीकर, गौरींचा मानकरी, एडिसन