खिरीचा डबा

आई, तू गेलीस तेव्हा मी नोकरीत होतो. आता निवृत्त झालोय, सूनही तुझी राहिली नाही, आणि मी आंबिवलीच्या पुढे एका वसाहतीत राहायला आलोय. इथे सगळे म्हातारेच. प्रत्येकाला छोटं स्वतंत्र घर, जेवण खाली मेसमध्ये. महिनाभर राहून बघायचं, पटलं तर वर्तकनगरचं घर सोडायचं, असं ठरलंय. माझी लेक डोंबिवलीला असते, ती चिडलीय. "पप्पा, लोक म्हणतील बापाला आश्रमात टाकलं." म्हटलं, "अगं आश्रम कुठला, किल्ली माझ्या खिशात आहे." तर म्हणाली, "मग माझ्याकडे काय कुलूप घालून ठेवणार होते तुम्हाला?" हल्ली बोलूनच दमायला होतं.

बुद्धपौर्णिमेला मी खीर केली. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना डबाभर नेऊन दिली. "अरे वा, आज काय विशेष?" मी सांगितलं. "हो का," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर बाई मेसमध्ये माझ्याकडे बघेनात, पाठ करून बसू लागल्या. मला कळव्याची चाळ आठवली. तू वाट्या भरून मला घरोघरी पाठवायचीस. वाटी परत यायची ती साखर, शेंगदाणे, काहीतरी घालून. फक्त समोरच्या घरातून यायची घासूनपुसून, रिकामी. बौद्धांच्या घरचं त्यांना चालत नसे. एकदा त्यांना खीर मोरीत ओतताना पाहिलं आणि धावत तुला सांगायला आलो. तू भाकरी थापतेयस. मान वर न करता म्हणतेस, "आपण द्यायचं. खायचं की ओतायचं ते त्यांचं." पुढच्या वर्षीही तू तिथे वाटी पाठवलीस. मला ते कधी पटलं नाही. म्हणून इथे मी बॅग भरायला घेतली.

काल बेल वाजली. दारात बाई, हातात डबा. "रागावलात ना? तोंड चुकवत होते मी. रिकामा डबा कसा परत करायचा? इथे आल्यावर मी गॅसच घेतला नाही, म्हटलं झालं आता रांधणं. शेवटी भावजयीकडून चिवडा मागवला. आणि काय हो, खीर खालून लागली होती तुमची!" मी हसलो, पण जरा उशिराच.

लेकीला फोन करून सांगितलं, इथेच राहतो. ती म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या." एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. तुला सांगतो, कारण हा कागद कुठे जाणार नाही. बाईंनी खीर ओतलेली असली तर बरं, असं मला मनातून वाटत होतं. मग अपमान झाला म्हणून लेकीच्या दारात जाऊन उभं राहता आलं असतं. नुसतं करमत नाही म्हणून जायला मला जमत नाही, आई.