तुझे पाय माझ्याकडे

३ तारीख, सोमवार

नोकरी लागली एकदाची. आणि तीही सरकारी! आईला कळवलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, किती दिवसांसाठी? बर्फाच्या कारखान्यात मी गारठलो, बोटीवरच्या भटारखान्यात ओकलो, टायरच्या दुकानात मालकाच्या मेहुण्याशी वाजलं. माझं बूड एका जागी टेकत नाही. पण इथं टेकेल असं वाटतंय. बांधकाम खात्याचं काम आहे, नदीवरच्या पुलाला जोडणारा रस्ता आणि त्याचे खांब. राहायला साइटवरच पत्र्याची खोली. खिडकीतून नदी दिसते, दाराला कडी आहे. आधीच्या खोलीच्या दाराला सुतळी होती. तीही चोरीला गेली, पण ते जाऊ दे.

माझा वरचा माणूस म्हणजे खात्याचा वरिष्ठ तंत्रज्ञ. त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण चालतो तेव्हा वाटतं वरून कुणी दोरीला बांधून सोडलाय, इकडे नाही की तिकडे नाही. तोंडावर मात्र काका. काँक्रीट आलं की आधी काका बघणार, सळ्या बांधल्या की काका मोजणार, काकांनी मान हलवली की मग इंजिनिअर मॅडम सही करणार. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, बायकोपेक्षा मी ओळंब्याला भितो. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, बायकोलाही भितोच.

५ तारीख, बुधवार

माझं काम पट्टी धरायचं. माझ्या दीडपट उंच, आकडे रंगवलेली पट्टी. काका लांब तिपाईवर दुर्बीण लावतात, पट्टीवरचा आकडा वाचतात, आणि जमीन कुठं उंच, कुठं सखल ते कळतं. एवढंच. एवढ्यासाठी लोक शिकतात!

दुर्बीण जुनी आहे, तिच्यात सगळं उलटं दिसतं. मी बघितलं तर जमीन वर छतासारखी, आणि मुकादम तिला पायांनी लटकलेला, वटवाघळासारखा, विडी ओढत. धूर खाली पडत होता. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. डावं-उजवंही बदलतं. नवशिके इथंच फसतात म्हणे, काचेत बघतात आणि हात भलतीकडे करतात. मॅडमनी सरळ दाखवणारं नवं यंत्र दिलंय. काका त्याची पेटीही उघडत नाहीत.

खुणा सोप्या. हात वर उचलला की पुढे ये. खाली दाबला की मागे हो. बाजूला केला की तिकडे सरक. आणि एक नियम : पट्टीवाल्यानं दुर्बीणवाल्याच्या हाताकडेच बघायचं. पायाखाली बघितलं की पट्टी डुलते. मी विचारलं, आणि खड्डा असला तर?

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझे पाय माझ्याकडे."

माझ्या पायांबद्दल आजवर फक्त भावोजी बोलले होते. तंगडं मोडीन म्हणाले होते.

१० तारीख, सोमवार

काका डब्यात दोन चमचे आणायला लागलेत. अर्धा डबा माझ्याकडे सरकवतात. मला एक पिवळं जाकीटही दिलं, साइटवर घालायचं. बाह्या आखूड आहेत. कुणाचं विचारलं तर म्हणाले, होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले की काका दुर्बीण पुलाच्या टोकाला वळवतात. तिथं ना पट्टी, ना माणूस, नुसती बुजवलेली जमीन. बघत बसतात. मला वाटलं म्हातारा चावट, पलीकडे घाटावर बायका असतील. आज ते हात धुवायला गेले आणि मी काचेला डोळा लावला.

एक मुलगी पट्टी धरून उभी होती. माझ्यासारखंच पिवळं जाकीट, एक वेणी. मान वर करून बघितलं तर कुणी नाही. पुन्हा काचेत बघितलं, आहे. दिसायलाही चांगली होती.

मग चहा पिताना कळलं. त्या काचेत सगळे लटकलेले दिसतात. ती सरळ उभी होती.

११ तारीख, मंगळवार

काचेत सरळ, म्हणजे खरी उलटी. डोकं खाली, मातीत.

मॅडमना विचारलं. आधी म्हणाल्या, कामाला लाग. मग स्वतःच बोलल्या. काकांची मुलगी. तंत्रज्ञाचा कोर्स करून खात्यात लागली, पहिलीच साइट, बापाच्या हाताखाली. तेव्हा इथं खांबांसाठी खोल, अरुंद खड्डे घेतले होते. ती एका खड्ड्याजवळ गेली, आणि तिला लांब करायला काकांनी काचेत बघूनच हात केला. हात भलतीकडे गेला. ती हाताकडे बघत सरकली. तिनं पायाखाली बघितलंच नाही, बघायचं नसतंच. तोल गेला आणि डोक्यावर आत पडली. खड्डा एवढा अरुंद की आत वळताही येईना. पाय धरून काढली तोवर —

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. त्याही तेव्हा नव्या होत्या. चौकशीत काकांना कुणी दोष दिला नाही, म्हणाल्या, दिला असता तर बरं झालं असतं. काम कित्येक वर्षं बंद पडलं. आता पुन्हा निघालं तर काकांनी स्वतः मागून ही साइट घेतली.

१३ तारीख, गुरुवार

मी बघितलं हे काकांना कळलंय. डबा सरकवला.

"डोळे मिटले की ती मला उलटीच दिसते रे," म्हणाले. "इथंच तेवढी पायावर उभी असते."

आता ती हात हलवते. मीही बघितलं, हात वर, पुन्हा वर. काका म्हणतात, पुढे ये म्हणतेय, एकटी आहे ती. मी म्हटलं, काका, काचेतलं वर म्हणजे जमिनीवरचं खाली. तुम्हीच शिकवलंत. ती मागे व्हा म्हणतेय. येऊ नका म्हणतेय.

काका म्हणाले, तू कधी बाप झालास?

१४ तारीख, शुक्रवार

पिशवी भरली. निघून जाणं मला चांगलं येतं. फाटकापर्यंत गेलो. मागे वळून बघितलं तर काका डबा उघडून बसलेले, दोन चमचे बाहेर काढलेले.

परत आलो.

त्या बुजवलेल्या जागेशेजारीच नवे खड्डे घेतलेत. वर झाकणं आहेत. मी स्वतः बघितली.

१७ तारीख, सोमवार

आज काकांनी पट्टी स्वतः घेतली. म्हणाले, दुर्बिणीवर तू थांब, मला नेमकं तिच्याशेजारी उभं कर. मी नाही म्हटलं. तर म्हणाले, मग मी तसाच जातो, अंदाजानं.

वाटलं, मी असलो तर निदान लांब ठेवीन. तिच्यापासून, खड्ड्यांपासून. त्यांना बरं वाटावं म्हणून हसत म्हटलं, तुमचे पाय माझ्याकडे, काका.

ते हसले. पहिल्यांदाच.

सळ्यांचा पिंजरा उतरवायचा म्हणून सकाळीच एका खड्ड्याचं झाकण काढलेलं. मला काचेत दिसलं तेव्हा काका त्याच्या काठावर होते. ती शेजारी, हात वर, वर, वर. खड्डा काचेत मला उजवीकडे दिसत होता. मी हात डावीकडे केला. जोरात केला.

त्यांनी हाताकडे बघितलं. फक्त हाताकडे. माझ्याकडे बघत, विश्वासानं, एक पाऊल —

काचेत उजवीकडे. काचेत.

त्याच दिवशी

पाय धरून काढलं. बूट माझ्या हातात राहिला.

मॅडमनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, तुझी काही चूक नाही.

तेच शब्द असणार. तेव्हाही.

१८ तारीख, मंगळवार

काम बंद. साइटवर कुणी नाही. डबा खोलीत तसाच. दोन चमचे.

दुर्बीण तिपाईवरच आहे. बघायचं नव्हतं.

दोघं. सरळ. शेजारी शेजारी, डोकी मातीला टेकलेली. तिनं वेणी पुढे घेतलीय. काकांच्या एका पायात बूट नाही.

काकांचा हात वर. पुन्हा वर.

म्हणजे मागे हो. मीच सांगितलं होतं त्यांना. मागे हो, पोरा, जा —

पण काकांना या काचेचं सगळं ठाऊक. बघणाऱ्याला कसं दिसेल ते ओळखून, मुद्दाम उलटी खूण केली असेल तर? तर ये. तर ये म्हणतायत.

मला आजवर सगळ्यांनी जा म्हटलंय.

दुपार

दुर्बीण तिपाईवरून काढली. जड आहे. डोळ्याला लावूनच जवळ जातो, जवळून हात नीट कळेल. एवढंच बघतो आणि परत.

खड्ड्याचं झाकण कुणी लावलं का, इथून दिसत नाही. काचेत पायाखालचं दिसतच नाही. नको दिसू दे. माझे पाय तर काकांकडे —